मानमोकळी

टेलरमावशींचं म्हणणं असं, की माणसाचं अंग कधी चुकत नाही, चुकतं ते कापड. खांदा उतरता असेल तर असू दे, पोट सुटलं असेल तर सुटू दे. अंगाला नावं ठेवायची नाहीत, कापडाला वठणीवर आणायचं. चौकातलं त्यांचं दुकान याच एका तत्त्वावर उभं होतं. नवे कपडे घालून गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं, की मावशी चष्म्यावरून त्याच्याकडे अशा बघत, जणू आतला माणूसही त्यांनीच शिवलाय.

तेव्हा गाडीतला पट्टा नातीच्या मानेला काचतो म्हटल्यावर मावशींनी काय करावं? त्यांनी पट्टाच दुरुस्त केला.

नात म्हणजे ठकी. वय सहा, बडबड साठीची. शाळा सुटली की मावशी तिला आपल्या गाडीतून दुकानात आणत, आणि लेकीची हॉस्पिटलातली ड्यूटी संपेपर्यंत ठकी चिंध्यांच्या ढिगावर राज्य करी. शाळेपासून दुकानापर्यंतची ती फेरी म्हणजे मावशींचा दिवसातला सगळ्यात लाडका वेळ. मागच्या सीटवरून वर्गातल्या सगळ्या भानगडी तिखटमीठ लावून पुढे येत, आणि मावशी मुद्दाम लांबच्या रस्त्याने गाडी नेत.

ठकीची गाडीतली लहानपणची खुर्ची त्यांनी चौथा वाढदिवस झाल्या झाल्या काढून टाकली होती. लेक लहान असताना डॉक्टरांनी त्यांना तसंच सांगितलं होतं: चार वर्षं पुरी झाली की खुर्चीची गरज नाही, मोठ्यांचा पट्टा चालतो. कायदाही तेव्हा तेच म्हणे आणि अजून तेच म्हणत होता. डॉक्टर आणि कायदा एका सुरात बोलतायत म्हटल्यावर शंका कशाला काढायची? राहता राहिलं ते मानेचं काचणं. मावशींनी मऊ वेल्वेटची वीतभर पट्टी शिवली आणि दोन्ही टोकांना टिचबटणं लावली. खांद्यावरून येणारा पट्टा खाली ओढायचा, आणि या पट्टीने तो मांडीवरच्या पट्ट्याला बांधून टाकायचा. ठकीची मान सुटली.

ठकीच्या वर्गातल्या एका आईने ती पट्टी पाहिली आणि हट्टच धरला. मग दुसरीने, मग शेजारच्या गल्लीतल्या तिसरीने. कोणीतरी तिला 'मानमोकळी' म्हणायला लागलं आणि ते नाव चिकटलं. मावशी उरलेल्या कापडातून शिवत आणि फुकट वाटत. कोणाला फुलांची, कोणाला मोटारीच्या चित्राची. बरोबर सल्लाही फुकट: "चार झाली ना पोराला? मग काढा ती खुर्ची, गाडीतली अडगळ नुसती."

लेक बसने ये-जा करी, त्यामुळे आईच्या गाडीत मागे काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता. ती नर्स होती आणि नुकतीच तिची बदली मुलांच्या अपघात विभागात झाली होती. एक दिवस बस चुकली म्हणून ती आईच्या गाडीत ठकीशेजारी बसली.

"आई, हे काय?"

"मानमोकळी. सगळ्या गावाने नेल्या, तुलाच माहीत नाही."

लेकीने टिचबटण उघडलं आणि लावलं. "शिलाई सुरेख आहे," ती म्हणाली. "पण उद्यापासून ठकी या गाडीत बसणार नाही. बूस्टर येईपर्यंत तरी नाही."

मावशींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बूस्टर म्हणजे काय, तर पोराला उंच करायला खाली ठेवायची बैठक. त्या जाहिरातीत बघून होत्या. "पाटावर बसवायचं म्हण ना मग. तुला मी चौथ्या वर्षापासून नुसत्या पट्ट्यात बसवून गावभर हिंडवलं. मोडलीस का कुठे?"

"नाही मोडले, म्हणून इथे बोलतेय. मोडतात ती माझ्या वॉर्डात येतात."

"डॉक्टरांनी स्वतः सांगितलं होतं मला."

"ते डॉक्टर निवृत्त झाले, आई. त्यांचा सल्लाही झाला."

"आणि कायदा? तोही निवृत्त झाला का?"

"त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही," लेक म्हणाली आणि ठकीला घेऊन उतरली.

त्यानंतर ठकीला शेजारीण पायी आणून सोडू लागली. मावशींची गाडी दुकानासमोर उभी राहून धूळ खाऊ लागली. ठकी येई ती दमून, आणि वर्गातल्या भानगडी वाटेत शेजारणीलाच सांगून संपलेल्या असत. मावशींनी एका ब्लेझरला डावी बाही उजवीकडे जोडली. वर गिऱ्हाइकाला तुमचाच हात वाकडा म्हणाल्या, त्यामुळे भांडण झालं.

शेवटी लेकच बूस्टर घेऊन आली. "माझं ऐकू नकोस तू," ती म्हणाली. "तुझ्या खडूचं ऐक."

ठकीला जुना निळा फ्रॉक घालून गाडीत बसवलं. आधी नुसता पट्टा, मग मानमोकळी लावून पट्टा, मग बूस्टरवर बसवून पट्टा. दर वेळी पट्टा जिथून जातो तिथे मावशींनी खडूने रेघ मारायची. ठकी गुदगुल्यांनी लोळत होती, तरी मावशींचा हात हलला नाही. ठकी बाहेर येऊन उभी राहिली तेव्हा फ्रॉकवर सगळा हिशेब स्पष्ट होता. नुसत्या पट्ट्याची रेघ मानेलगत आणि पोटावर. बूस्टरची रेघ खांद्याच्या मध्यावर, आणि खाली थेट कमरेच्या हाडांवर. आणि मानमोकळीने मांडीवरचा पट्टाही वर ओढला होता, म्हणून तिची खालची रेघ सगळ्यात वर, बेंबीच्याही वर, मऊ पोटावर.

"गाडी थडकली की पट्टा जिथे असतो तिथे आवळतो," लेक म्हणाली. "हाड तो जोर सोसतं. पोट नाही सोसत."

मावशींनी रेघेवर बोट ठेवलं. जन्मभर त्यांनी अंगाला धरून कापड बदललं होतं, आणि इथे नेमकं तेच करायचं नव्हतं. पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा. त्याला ओढूनताणून पोराच्या अंगावर बसवायचा नाही, पोरालाच त्या मापापर्यंत उचलायचं. मावशींना लाज वाटली. मग चौकातल्या, गल्लीतल्या, शाळेसमोरच्या सगळ्या गाड्या डोळ्यांसमोर आल्या आणि लाजेची भीती झाली.

"किती वर्षांपर्यंत बसवायचं असं?" त्यांनी विचारलं.

"वर्षांवर जायचंच नाही. उंची पुरी होऊन पट्टा आपसूक हाडावर बसेपर्यंत. दहा म्हण, बारा म्हण."

दुसऱ्या दिवसापासून ठकी परत गाडीत आली, उंच आसनावरून खिडकीबाहेरच्या लोकांना हात दाखवत. आणि मावशी घरोघर मानमोकळ्या परत मागत हिंडू लागल्या. काहींनी लगेच दिल्या. काहींनी देतो म्हणून दिल्या नाहीत. बऱ्याच जणींनी मात्र मावशींचंच वाक्य मावशींना ऐकवलं: चार वर्षं झाली की झालं, कायदा तसाच आहे, तुम्हीच नव्हता का सांगत?

अशात साहेब कोटाच्या ट्रायलला आले. साहेब कायदेमंडळात निवडून गेलेले, मोठे हौशी आणि पोटाने दर निवडणुकीत वाढणारे. मावशींनी त्यांना स्टुलावर उभं केलं आणि तोंडात टाचण्या धरून बाही मापायला घेतली.

"मावशी, तुमची मानमोकळी आम्ही समितीत गाजवली बरं का," साहेब म्हणाले. "बूस्टर सक्तीचा करा म्हणून एक विधेयक आलंय. मी म्हटलं, लोकांच्या डोक्याला नवा ताप कशाला? आमच्या मावशींनी वीतभर कापडात प्रश्न सोडवलाय. नातवाची आणून टेबलावरच ठेवली. सगळे खूश. आता विधेयक बासनात गेलंच समजा."

मावशींनी टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या. "नातू कुठाय?"

"बाहेर गाडीत. ड्रायव्हरचं डोकं खातोय."

मावशी खडू घेऊन निघाल्या. एका बाहीच्या, टाचण्यांनी भरलेल्या कोटात साहेब मागून आले, हात अंगापासून लांब धरून. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली, तेव्हा साहेबांनी सवयीने त्यांना नमस्कार केला आणि काखेत टाचणी टोचून घेतली.

नातू ठकीच्याच वयाचा होता, पट्ट्यात बसलेला, छातीवर मोटारीच्या चित्राची मानमोकळी. मावशींनी त्याच्या काळ्या स्वेटरवर पट्ट्याच्या कडेने रेघ ओढली आणि पट्टा सोडला.

"बघा साहेब. ब्रेक लागला की पट्टा इथे आवळणार. इथे काय असतं?"

"पोट," साहेब म्हणाले.

"त्याच्या आत?"

साहेबांनी मोकळा हात पुढे करून त्या रेघेवर ठेवला. नातवाला वाटलं आजोबा गुदगुल्या करतायत, म्हणून तो खिदळला. साहेबांनी हात काढला नाही.

"पण मावशी," ते हळूच म्हणाले, "मी सगळ्यांसमोर वाखाणलीय हो ती. आता उलटं बोललो तर तोंडघशी पडेन."

"तुम्ही कशाला? मला बोलवा, मी पडते."

ठकीचं बूस्टर काढून मावशींनी साहेबांच्या गाडीत ठेवलं आणि नातवाला स्वतः वर बसवलं. त्या दिवशी ठकीला आणायला त्या चालत गेल्या. सगळ्या भानगडी तपशीलवार ऐकायला मिळाल्या, गुडघे मात्र दुखले.

समितीच्या खोलीत लांबलचक टेबल होतं आणि एसी इतका गार की मावशींनी पदर खांद्याभोवती लपेटून घेतला. काय बोलायचं ते लेकीने पढवलं होतं. ते सगळं दारातच विसरलं. त्यांनी पिशवीतून परत मिळालेल्या मानमोकळ्या काढून टेबलावर ओतल्या.

"या मी शिवल्या," त्या म्हणाल्या. "टाका नीट आहे, कापड चांगलं आहे, आणि वस्तू चुकीची आहे. चार वर्षांची गोष्टही मीच सगळ्यांना सांगत होते. आता परत मागायला जाते, तर लोक मला तुमचा कायदा दाखवतात. माझं मी उसवीन. तुमचं तुम्हाला उसवावं लागेल."

कडेला बसलेल्या एका सभासदांनी चष्मा पुसला. "बाई, तुमची तळमळ कळते. पण इतक्या गाड्यांत ही पट्टी आहे. आजवर एकाही मुलाला काही झालंय का?"

"नाही."

"मग एवढी घाई कशासाठी?"

"झालं नाही, म्हणून तर आज आले," मावशी म्हणाल्या. "झालं असतं, तर त्या पोराच्या आईसमोर उभी राहून मी काय बोलले असते?"

अध्यक्षांनी कागद पुढे ओढला आणि विधेयक पुढे न्यायला कोण कोण अनुकूल आहे ते विचारलं. साहेबांनी हात वर केला आणि बाकीच्यांकडे न बघता तो तसाच धरून ठेवला.