रुखवतातली जिलबी

आमच्या भामावन्संच्या बोटांचं कौतुक अख्ख्या तळेगाव ढमढेऱ्यात. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, तिथंच दिलेली. कुणाच्या बी पोरीचं लगीन निघू द्या, रुखवत मांडायचं तर ते वन्संनीच. मण्यांचा मोर, लोकरीचं तोरण, साबुदाण्याचं तुळशीवृंदावन! मांडून झालं की माईक हातात घ्यायचा आन् एकेक वस्तू दाखवून सांगायचं, "ही बी माझ्या हातची!"

माझ्या रुपालीचं लगीन दौंडकडच्या जयसिंगशी ठरलं, तवा वन्संनी आल्या आल्या फर्मान काढलं, "गजरा, रुखवताचं माझ्याकडं. तू फकस्त चहापाण्याचं बघ."

मला लई लागलं ते. माझी आई मी पाळण्यात असतानाच गेली. माझ्या लग्नात रुखवत शेजारणींकडनं मागून आणलेलं. पंगती उठल्या आन् ज्याचं त्यानं माघारी नेलं. तवाच मनाशी ठरवलं होतं, माझी पोरगी सासरी जाईल तवा तिच्या रुखवतात आईच्या हातची एक तरी वस्तू असंल, आन् चारचौघांत तसं सांगितलं जाईल. एकच वस्तू हो! पण माझी बोटं भाकरी थापायची. त्यात सुई धरली की पहार धरल्यासारखी दिसायची.

शिक्रापुरात आमच्या घरामागं दोन खोल्या हायेत, कंपनीतल्या माणसांना भाड्यानं दिलेल्या. त्यातली मीरादेवी क्रोशाच्या सुईनं विणायची. तिच्या ओट्याजवळ खिळ्याला केकच्या तुकड्यासारखं काहीतरी जाडजूड विणलेलं टांगलं होतं. मी म्हणलं, "हे काय गं?" तिनं ते काढलं, त्यानं उकळत्या चहाचं पातेलं धरलं आन् खाली उतरवलं. अगं बया! आमच्यात सांडशी, न्हाईतर पदराचं टोक. हात भाजू नये म्हणून असलं देखणं काही करतात, हे मला ठावंच नव्हतं.

"मला शिकव," मी म्हणलं.

"दीदी, लोकर नको," ती म्हणाली. "गरम बर्तन को चिपक जाती है. सूती धागा लो."

बाजारातनं केसरी सुती दोरा आणला आन् बसले. साखळी जमली. पुढचा टाका काही केल्या जमंना. केकचा तुकडा करायचा तर वळायचं, वाढवायचं, घटवायचं. मी वळले की गुंता! मीरादेवी हसून हसून बेजार. शेवटी माझं डोकं फिरलं. "खड्ड्यात गेला तुझा केक! नुसत्या साखळीचं काय होतं ते सांग," म्हणून मी ती लांबडी साखळी जमिनीवर आपटली. ती पडली गोल गोल. बघते तर जिलबी! आन् लग्नात केकला कोण विचारतंय? जिलबी पायजेच.

मग दोरा तिपेडी घेऊन जाड साखळी विणली, तिची वेटोळी घट्ट टाचली, टांगायला कडी केली. पातेलं धरून बघितलं. हाताला जरा बी चटका न्हाई. मी एकटीच चुलीपुढं हसत बसले.

लग्नाच्या दिवशी वन्संना दाखवली. "ही जिलबी हाय का हंड्याखालची चुंबळ?" म्हणाल्या. बायका फिदीफिदी हसल्या. "ठेव तिकडं मागं." पण वन्संची पाठ वळल्यावर खऱ्या जिलब्यांच्या ताटाला टेकवून ठेवली. निदान कुणाला दिसंल तरी.

तेवढ्यात शूटिंगवाला आला. वन्संनी चष्मा काढून पर्समधी टाकला, पदर सारखा केला आन् माईक घेतला. "मंडळी, हे सगळं रुखवत माझ्या एकटीच्या हातचं!" संपलं म्हणलं सगळं.

आमच्यात लगीन लागायच्या आधी रुखवतातलं गोडाचं ताट नवरदेवापुढं नेतात. त्यानं पहिला घास खायचा. वन्संनी स्वतःच्या हातानं ताट भरलं. लाडू, करंज्या, आन् वर मोठी बघून जिलबी. मी बघितलं आन् हबकलेच! "वन्सं, वन्सं" करतीय, तर त्या कॅमेऱ्याकडं बघून हसतायत आन् मला हातानं गप बस म्हणतायत.

जयसिंगनं मुंडावळ्या बाजूला सारल्या, जिलबी उचलली आन् चावली. ओढली. परत ओढली. जिलबी तुटंना, आन् पोरगं लाजंकाजं सोडंना.

त्याचे चुलते हरिबाआप्पा ताडकन उठले. "नवरदेवाला दोरा चारता व्हय? थट्टा लावलीय का? कुणाचं काम हे?"

वरपक्ष रुसला तर पोरीचं कसं व्हायचं? वन्संचं तोंड पांढरंफटक पडलं. माईक तसाच हातात. त्यातच ओरडल्या, "माझी न्हाई ओ ती! मी बोट बी लावलं न्हाई! ती गजराची हाय! नवरीच्या आईनं विणलीय, एकटीनं, स्वतःच्या हातानं!"

कर्णे पार हायवेकडं तोंड करून लावलेले. ट्रकवाल्यांनी सुद्धा ऐकलं असंल.

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला पायजे होतं. पण खरं सांगते, माझा ऊर भरून आला. मी पुढं झाले. "व्हय आप्पा, माझ्या हातची हाय. खायची न्हाई, गरम पातेलं धरायची. चुकून ताटात गेली."

जयसिंगनं जिलबी तोंडातनं काढली, उलटीपालटी करून बघितली. "मामी," म्हणाला, "लई टिकाऊ हाय." पहिल्यांदा करवल्या हसल्या, मग मंडप हसला. आप्पांनी मिशीला हात लावून लई दम धरला, पण शेवटी ते बी खो खो हसत खाली बसले. म्हणाले, "बाई, आमच्या म्हाताऱ्यांना नीट ऐकू आलं न्हाई. परत एकदा सांगा, कुणाच्या हातची?"

सगळे वन्संकडं बघायला लागले. कॅमेरा बी त्यांच्यावरच. त्यांनी जिलबी जयसिंगकडनं घेतली, वर धरली आन् सावकाश म्हणाल्या, "ही जिलबी नवरीच्या आईच्या हातची."

मग माईक बाजूला करून माझ्या कानाशी आल्या. "गजरा, मला खरीच वाटली गं."

तवा मात्र मी तोंडाला पदर लावला आन् भर मांडवात रडले.