बत्तीस अंगठे

या, असे जवळ सरका. विद्यापीठाच्या तळघरात एकोणतीस वर्षं पुस्तकं शिवणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगतो. सगळे त्यांना खळकाका म्हणत. बाजारात तयार गोंद आला तरी हे आपले स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवायचे. म्हणायचे, "गोंद वाळला की दगड होतो. खळ पाण्याचं ऐकते."

एके सकाळी खुद्द कुलसचिव पायऱ्या उतरून आले. हातात एका मुलीचा पीएच.डी.चा प्रबंध. विद्यापीठासाठी म्हणून वस्ती पाडली आणि निम्मी जमीन मंत्र्याच्या मेहुण्याच्या घशात गेली, त्याबद्दल तिथून उठवून लावलेल्या बत्तीस जणांच्या जबान्या चौथ्या प्रकरणात शिवलेल्या. खाली अस्सल अंगठे.

"चौथं प्रकरण काढा आणि पुन्हा शिवा."

"का हो साहेब? काही चुकलंय?"

"काका, तुम्ही सुई चालवा. डोकं नको."

"आणि ही पानं?"

"रद्दीत टाका!"

मुलीचा संगणक आधीच जप्त झाला होता. जबानी देणाऱ्यांतले अकरा जण देवाघरी गेले होते. काकांनी टाके उसवले.

पानं त्यांनी रद्दीतच टाकली, अगदी हुकुमाबरहुकूम. पण साहेबांना काय ठाऊक, त्या तळघरातली रद्दी कधी बाहेर जातच नाही! कागदावर कागद चिकटवून तिचेच पुठ्ठे होतात. आणि त्या आठवड्यात बांधायला आला होता त्याच मंत्र्यांचा गौरवग्रंथ.

दुसऱ्या दिवशी कुलसचिव टाइप केलेला कागद घेऊन हजर. "सही करा. शिवायला आला तेव्हा प्रबंधात चौथं प्रकरण नव्हतं."

"काढलं म्हणून लिहा, करतो सही. ते पाप माझंच. पण नव्हतंच कसं म्हणू?"

"नोकरीचं एक वर्ष राहिलंय. डोकं फिरलंय का?"

"फिरलंय! घरं गिळलीत, आता अंगठे गिळता? आणि घास भरवायला माझा हात हवा? शिकवायची जागा ना ही? थू तुमच्या शिकवण्यावर!"

संध्याकाळी नोकरी गेल्याचं पत्र हातात पडलं. तोवर काकांनी गौरवग्रंथाचा शेवटचा पुठ्ठा चिकटवून दाबाखाली ठेवला होता.

फाटकाशी ती मुलगी रडत उभी होती. "काका, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा, पोरी. आता ऐक. गौरवग्रंथ ग्रंथालयात येईल. कुणी उघडणार नाही, चिंता नको. पुठ्ठे ओल्या फडक्यात गुंडाळ. घाई करू नकोस."

तिला तो ग्रंथ हाती लागेपर्यंत आठ महिने गेले, आणि तोवर काकाही गेले. तिने जमिनीवर बसून एकेक पान सोलून काढलं. एका अंगठ्याची शाई जरा पसरली होती, बाकीच्यांची रेघन् रेघ शाबूत.

बत्तीस पानं मोजून झाली. खाली अजून एक निघालं. काकांचं सुबक अक्षर: "चौथं प्रकरण होतं. मी काढलं." लिहिता येत असूनही सहीच्या जागी त्यांनी अंगठा उठवला होता, शाईचा नव्हे, खळीचा.

बाबांनो, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक हातात आलं, तर त्यावरून एकदा बोट फिरवा. आणि खळकाकांची आठवण ठेवा.