तक्त्यावरून खोडलेली गोळी

"ही छोटी पिवळी गोळी फॉलिक ॲसिडची. सांध्यांच्या औषधाबरोबर लिहून दिलीय, सोडायची नाही," औषधवाल्याने बजावलं होतं. सुनेने मान डोलावली आणि मनात म्हणाली, जीवनसत्त्वच ना? ते तर भाजीतही मिळतं.

सून शिकलेली. कडेवर दीड वर्षाची लेक आणि जिवाला सदा घोर. सासूबाई शिवणकाम करायच्या. संधिवाताने बोटं सुजायची, काजं करताना सुई निसटायची. मग सुनेने पदर खोचला. स्वयंपाकघरात तक्ता लागला: लोहासाठी डाळ, जस्तासाठी भोपळ्याच्या बिया, डी जीवनसत्त्वासाठी अंडं, फॉलिक ॲसिडसाठी रोज पालक. पिवळी गोळी खोडली. सांध्यांची, आठवड्यातून एकदाची मोठी गोळी तेवढी राहिली.

"मी माणूस आहे की बकरी?" सासूबाई विचारायच्या.

"बकरीची बोटं कधी सुजतात का, आई?"

"तिला सून नसते."

बोटं खरंच हलकी झाली. सून हरखली. पण हळूहळू सासूबाईंचं ताट अर्धंच रिकामं व्हायला लागलं. विचारलं की म्हणायच्या, भूक नाही.

एका दुपारी त्या दुधात विरघळलेलं बिस्किट डोळे मिटून गिळताना दिसल्या.

"आई, आ करा बघू."

जिभेवर, गालांच्या आत, पांढरे चट्टे.

"कधीपासून?"

"झाले दोन आठवडे. तू एवढी खपतेस, तुला काय सांगू पालक झोंबतो म्हणून? त्या मोठ्या गोळीनेच तोंड आलं असणार. आता ती बंद. बोटं गेली तर गेली, दोन घास तरी जातील."

सुनेने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासलं. ते ठीक निघालं. "मोठ्या गोळीमुळे फॉलिक ॲसिड कमी पडतं, त्यानेच तोंड आलं," त्या म्हणाल्या. "ती तूट एकट्या भाजीने भरत नाही. पालक खाऊ दे, पण पिवळ्या गोळीच्या जागी नाही. आणि मोठी गोळी मी सांगेन तेव्हा सुरू करायची."

पंधरवड्यात चट्टे गेले, दोन्ही गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. परवा सासूबाईंनी नातीच्या फ्रॉकला सहा काजं केली आणि सुनेला ऐकवलं, "मोजून घे. तक्त्यात लिही."

सून आता भेटेल त्याला अडवून सांगते, तुम्हालाही सांगते आहे. घरात कुणी सांध्यांचं असं औषध घेत असेल, तर नुसतं "जेवलात का?" विचारून सोडू नका. ती माणसं हो म्हणतात. आज जवळ बसा आणि म्हणा, "जरा आ करून दाखवा."