रडायला गेलेली सून

त्या जुलैत किर्गिझस्तानातल्या नारीनकडच्या आमच्या गावात कोरोना घरोघर फिरत होता, आणि त्यातच आमचे चुलत सासरे वारले. अंगणात युर्त, म्हणजे जाड लोकरी नमद्याचा गोल तंबू, उभा राहिला. आमच्यात सुनांनी तंबूत भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि मेलेल्याचं नाव घेत गाऊन रडायचं. त्यांच्या सख्ख्या सुना मॉस्कोत झाडू मारत होत्या आणि विमानं बंद. म्हणून सासूबाईंनी माझ्या थोरल्या जावेला, बुरमाकानला, पुढे केलं. तिच्यासारखं रडणं आसपासच्या गावांत कुणाला जमत नव्हतं.

बुरमाकान अंगानं चांगलीच भरलेली. सासूबाईंना त्याचा कोण अभिमान! "मी काडी आणली होती, आता बघा," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. खात्यापित्या घरची म्हणे! आमच्याकडे मटण मानाप्रमाणे वाटतात, सुनेपर्यंत पोचतो तो रस्सा. ती सुटली ती नान आणि साखरेच्या चहावर. तेच खाऊन मी काटकी राहिले, आता बोला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला आधीच बजावलं होतं. वजन जास्त आहे, रक्तात साखर आहे, तुला हा आजार झाला तर छातीत उतरेल, गर्दीत जाऊ नकोस.

"आपा, तिच्याऐवजी मी बसते," मी सासूबाईंना म्हटलं.

"तू? तुझं रडणं म्हणजे दाराची बिजागरी! थोरली घरी राहिली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"अहो, पण डॉक्टरीणबाई..."

"तिला काय जातंय बोलायला! ही पिठाचं पोतं एकटी उचलते. आजार तुझ्यासारख्या काटक्यांना होतो."

"राहू दे गं," बुरमाकान मला म्हणाली. "घरी राहून तरी कुठे लपू?"

खरंच होतं. पैसेवाल्यांनी खोल्यांची दारं लावून घेतली. आमच्या दोन खोल्यांत आठ माणसं, गाद्या एकाला एक लागून.

शेवटी दोघी गेलो. तंबूत बायका खांद्याला खांदा लावून बसलेल्या, येणारी प्रत्येक जण गळ्यात पडून रडणार. बुरमाकान गायली आणि बाहेरचे पुरुषही हुंदके द्यायला लागले. सासूबाई अभिमानानं इकडेतिकडे बघत होत्या. मला त्यांचा भयंकर राग आला.

ताप दोघींनाही आला. मी खोकले आणि उठले. तिला धाप लागली ती थांबेना. शहरात खाट मिळाली नाही. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, पालथी झोपवा. पण पोटामुळे तिला पालथं होता येईना. मग सासूबाईंनी घरातल्या सगळ्या गाद्या ओढून आणल्या, दोन ढीग केले, मधे पोटापुरती जागा सोडली आणि तिला त्यावर निजवलं. तिचं डोकं धरून त्या बसून राहिल्या. "श्वास घे गं बाळा, घे." सुनेला बाळा म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

बातमी कळताच शेजारणी निघाल्या. सासूबाई फाटकात आडव्या उभ्या राहिल्या.

"आत येऊ नका. रस्त्यावरूनच दुवा मागा आणि घरी जा."

"असं कसं, आपा?" एक म्हातारी म्हणाली. "एवढी गुणाची सून, आणि तिच्यासाठी रडणारी कुणी नको?"

"रडणारी होती," सासूबाई म्हणाल्या. "तिला मी दुसऱ्यासाठी रडायला पाठवली."

बायका रस्त्यावरूनच परतल्या. आमच्या घरात त्या दिवशी कुणीच गायलं नाही.