गुलाबी दिव्याखाली

इंडोनेशियातल्या आमच्या पोंतियानाकात म्हणतात, घरातला अरोवाना मासा लाल झाला की घराला बरे दिवस येतात. आमचा सात वर्षं पाळला, तरी लेकाचा फिक्काच. त्याला झिंगे काय, बेडूक काय! माझे इतके लाड नवऱ्याने, अकियोंगने, कधी केले नाहीत.

मग अकियोंगच्या यकृतानेच दगा दिला. अंग पिवळं पडलं. डॉक्टर म्हणाले, घरीच न्या आता. हा खाटेवरून एकच विचारायचा, "रंग चढला का गं?" नाही म्हटलं की पेजेची वाटी बाजूला सारायचा.

शेवटी मी मासेवाल्या शहरुलकडे गेले.

"दोन दिवे आहेत, काकी," तो म्हणाला. "हा पांढरा, प्रखर. रोज लावलात तर माशाच्या अंगात खरा रंग भरतो, पण वर्ष जातं. आणि हा गुलाबी. याच्याखाली लगेच लाल दिसतो. दिसतो हं, होत नाही."

"वर्षभर थांबायला कोण बसलंय? गुलाबी दे."

दिवा लागला आणि मासा लालभडक! "बघ, मी म्हणत नव्हतो?" म्हणत अकियोंगने वाटीभर पेज संपवली, वर खारवलेलं अंडं मागितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडले.

एका सकाळी तो भिंत धरत धरत टाकीपाशी गेला. झिंगा टाकताना हात दिव्याखाली आला आणि तिथेच थांबला. पिवळा हात गुलाबी, धडधाकट दिसत होता. त्याने तो बाहेर काढला, पुन्हा आत धरला. जन्मभर मासे पाळलेल्या माणसाला दिवा कळणार नाही होय?

पण तो रागावला नाही. "फांग रविवारी येतेय ना?" म्हणाला. "माझी खुर्ची इथे टाक. टाकीला चिकटून."

फांग, आमची लेक, जकार्ताहून आली ती नोकरी सोडायची ठरवूनच. पप्पांच्या गालांवरची लाली बघून तिचा जीव भांड्यात पडला.

"आई, केवढं घाबरवलंस! छान तर दिसतायत."

"तुझी आई म्हणजे राईचा पर्वत," तो हसला. "जा तू. नोकरी सोडलीस तर बघ."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने माझा हात घट्ट दाबला. दोन दिवस खुर्चीत बसून त्याने तिला हसवलं आणि तिसऱ्या दिवशी ती परत गेली.

पंधरवड्यात तो गेला.

आम्हा चिनी लोकांत सुतकाच्या घरात लाल काही ठेवत नाहीत. फांग आली, दारावरची लाल पट्टी काढली, कॅलेंडर उतरवलं, मग टाकीवरचा दिवा बंद केला. पाण्यात फिक्का मासा फिरत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग रिकाम्या खुर्चीकडे.

"आई," ती म्हणाली, "दोन दिवस मी समोर बसले होते गं. आणि मी पप्पांना पाहिलंच नाही."