कस्तुरीचं नाव यादीत नाही

सीनियर्सच्या टीमची यादी सामन्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी बारा वाजता ग्रुपवर येते, आणि बारा वाजून एक मिनिटाने माझं डोकं फिरतं. मी बहरीनमध्ये, नईम भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. समोर गाल सुजलेला पेशंट उभा असतो, कानाला लँडलाइन असते, आणि मी टेबलाखाली मोबाईल धरून पंधरा नावं वाचत असते. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. जणू वरून नसलेलं नाव खालून सापडणार आहे.

कस्तुरी माझी मुलगी. वय सतरा, बारावीला. खेळते काय, तर ऑस्ट्रेलियन फुटबॉल. वेंगुर्ल्याला फोनवर हे सांगितलं तेव्हा माझ्या भावाने विचारलं, "म्हणजे पायान खेळतत तो?" पायानेही आणि हातानेही, बाबा. चेंडू पपईसारखा लांबट. दोन्ही टोकांना चार-चार खांब, जाळं नाही. मधल्या दोन खांबांतून लाथाडला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. हाताने फेकायचा नाही, मुठीने ठोसा मारून द्यायचा. मैदान खरं तर लांबगोल हवं, पण इथे भाड्याने मिळतं ते चौकोनी, मग त्यातच भागवायचं. आणि जिच्याकडे चेंडू तिला कंबरेत मिठी मारून खुशाल आडवं पाडायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी डोळे झाकून घेतले होते. आता मीच कडेला उभी राहून "पाड तिला!" असं मराठीत ओरडते.

स्वतःच्या मुलीचं कौतुक करू नये म्हणतात, पण जे आहे ते आहे. तीन वर्षं ज्युनियर्समध्ये खेळली, गेल्या वर्षी सगळ्यात जास्त गोल तिचे. दोन्ही पायांनी सारखीच लांब मारते. सीनियर्समधल्या निम्म्या बायकांचा डावा पाय नुसता उभं राहण्यापुरता. जूनमध्ये ती पुण्याला कॉलेजला जाणार, आणि तिथे हा खेळ कुठे खेळतात हे मला तरी कोणी सांगू शकलेलं नाही. म्हणजे जे काय खेळायचं ते एप्रिलच्या आत. या मोसमात सीनियर्सचे नऊ सामने होते. त्यातला एक, फक्त एक, तिला सीनियर्सच्या जर्सीत खेळायचा होता. दुसरं काही मागितलं नाही पोरीने. वाढदिवसालासुद्धा नाही.

कोच ऑस्ट्रेलियन. तिचं नाव माझ्या जिभेवर नीट बसत नाही, म्हणून मी तिला कोचबाई म्हणते. अकरा वर्षं बहरीनमध्ये आहे, उन्हाने रापून तांब्याच्या कळशीसारखी झालीय. सामन्याच्या आठवड्यात बुधवारी प्रॅक्टिस संपली की मी कस्तुरीला न्यायला जाते, तेव्हा ती हमखास माझ्या गाडीच्या खिडकीशी येते. अठराच्या आतली मुलगी सीनियर्समध्ये घ्यायची तर दर सामन्याला पालकांना विचारायचं, असा क्लबचा नियम.

"हेमा, या शुक्रवारी कस्तुरी सीनियर्सकडून खेळली तर तुला चालेल ना?"

"इंशाल्ला," मी म्हणते.

आणखी काय म्हणणार? चांगल्या गोष्टीला धडधडीत हो म्हणायची आमच्याकडे रीत नाही. आई म्हणायची, "होतला होतला म्हणा नये गो बाय, नाट लागता." वेंगुर्ल्याला आम्ही 'देवाच्या मनात असलं तर' म्हणायचो. इथे बावीस वर्षं काढल्यावर तेच सगळं एका शब्दात मावायला लागलं. कोचबाई मान हलवते, खिडकीच्या कडेवर थाप मारते. "नो वरीज, हेमा," म्हणते. मी खुशीत गाडी चालवत ईसा टाउनला घरी येते. आणि गुरुवारी बारा वाजता यादीत नाव नाही.

मग विचारतेस कशाला गं बाई? घ्यायचं नाही तर नको घेऊस, पण आदल्या दिवशी येऊन आशेला लावायचं आणि दुसऱ्या दिवशी तोंडावर पाडायचं, ही कुठली तऱ्हा? एकदा झालं, दोनदा झालं. चौथ्या वेळी माझी खात्री झाली की ही बाई तोंडदेखलं विचारते. गोड बोलून वाटेला लावायची कला या लोकांकडून शिकावी.

माझा नवरा संदेश बंदरावर क्रेन चालवतो, त्याची शिफ्ट ड्यूटी. घरी असतो तेव्हा झोपलेला असतो, आणि जागा असला तरी थंडच.

"अगो, ती कोच आसा. तिका कळता."

"काय कळतं तिला? परवा ज्युनियर्समधल्या मसूदाला घेतलं. मसूदा पोर गुणी आहे, माझं काही म्हणणं नाही, पण धावते ती बस चुकलेल्या माणसासारखी. पोचते तेव्हा चेंडू निघून गेलेला असतो."

"मग जा, भांड जा."

"मी का जाऊ? माझी पोर चांगली आहे तर तिला दिसायला नको?"

खरं सांगायचं तर अभिमान आडवा येत होता. मुलीसाठी वशिला लावणारी आई मला व्हायचं नव्हतं. आणि कस्तुरीनेही तंबी दिली होती. सुरुवातीला ती रोज संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये भिंतीवर चेंडू मारायची, शेजारच्या कमालभाईंच्या गाडीचा आरसासुद्धा एकदा वाकडा केला. हळूहळू ते थांबलं. बोलणंही आटलं. काही विचारलं की "इट्स फाइन, आई" म्हणून दार लावून घ्यायची. सहाव्या सामन्यानंतर मी म्हटलं, आता मी विचारतेच कोचला, तशी ती ताडकन उठली.

"नो, आई, प्लीज! तू तिच्याशी काही बोलू नकोस. तू ऑलरेडी..." आणि पुढचं तिने गिळलं.

मला वाटलं, 'तू ऑलरेडी भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहेस' असं काहीतरी असेल. ते खोटंही नाही. मी विचारायचा बेत सोडून दिला.

सातव्या सामन्याला तर कहर झाला. सीनियर्सच्या तीन बायका तापाने आडव्या. आता घेतलंच पाहिजे, म्हटलं. बुधवारी विचारलं, मी इंशाल्ला म्हणाले, नो वरीज झालं, आणि शुक्रवारी माझी पोर पिवळंधमक बनियन घालून मैदानात पाण्याच्या बाटल्या पळवत होती. जिला तीस मीटरवरून सहा गुण काढता येतात, ती बायकांची तोंडं पुसायला टॉवेल देत होती. पाणी द्यायला मात्र ती सीनियर! मी मध्यंतरापर्यंत थांबले आणि उठून गाडीत जाऊन बसले. रडले नाही. रडायला यावं इतकं साधं ते नव्हतं, माझं अंग नुसतं तापलं होतं.

आठव्यालाही तेच. राहता राहिला शेवटचा सामना, दुबईच्या टीमशी फायनल. बुधवारी कोचबाई आली, विचारलं, आणि यावेळी माझ्या हातावर हात ठेवला. मी मनापासून इंशाल्ला म्हटलं, वर डोळेसुद्धा मिटले.

गुरुवारी पावणेबाराला दवाखान्यात एका गृहस्थांचा फोन होता. रविवारी दहाला या म्हटलं, तर ते म्हणाले, "इंशाल्ला, इंशाल्ला." मी डायरीत त्यांचं नाव पेन्सिलने लिहिलं. माझ्या शेजारी बसणारी आतिका इथलीच, बहरीनची. तिने वाकून बघितलं आणि हसली. पेनने लिहायचे ते येणारे आणि पेन्सिलने लिहायचे ते न येणारे, ही आमची दोघींची जुनी पद्धत.

आणि बारा वाजले. पंधरा नावं. कस्तुरीचं नाही.

आतिकाला हिंदी चांगलं येतं. मी तिच्यापुढे सगळं ओकले, नऊच्या नऊ सामने. तिने ऐकून घेतलं आणि माझी पर्स उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"यल्ला, चलो, हेमा. आज शाम को जाओ और पूछो. पूछ लिया, खलास. नहीं तो जिंदगीभर यहाँ दुखेगा," आणि तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

संध्याकाळी मी मैदानावर पोचले तेव्हा फायनलआधीची जादा प्रॅक्टिस संपत आली होती आणि कोचबाई गवतावरचे केशरी कोन गोळा करत होती. मी बूट-चप्पल काही न बघता थेट मैदानात घुसले. इंग्रजीत भांडायची मला सवय नाही, पण राग असला की भाषा येते.

"नऊ याद्या झाल्या," मी म्हटलं. "जूनमध्ये ती इथून जाणार. मला एकदा स्पष्ट सांग, माझ्या मुलीत तुला काय खोट दिसते?"

कोचबाईच्या हातातले कोन तसेच राहिले. "खोट? हेमा, ती माझ्याकडची सगळ्यात चांगली फॉरवर्ड आहे. तुझीच परवानगी नव्हती."

"मी कधी नाही म्हणाले?"

"दर वेळी."

"मी दर वेळी इंशाल्ला म्हणाले!"

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते मी उभ्या उभ्या ऐकलं. अकरा वर्षं ती या देशात आहे. एसीवाला इंशाल्ला म्हणाला की एसी दुरुस्त होत नाही. घरमालक इंशाल्ला म्हणाला की नळ गळतच राहतो. पहिली दोन वर्षं ती वाट बघत बसायची, मग शिकली की तोंडावर नाही म्हणवत नाही तेव्हा माणसं हे म्हणतात. तिला वाटलं, ही भारतीय आई आहे, मुलगी मोठ्या बायकांच्या अंगाखाली चिरडून घ्यायला तिला नको आहे, पण बिचारी सभ्यपणे सांगते. तरी ती दर वेळी पुन्हा विचारत राहिली, कधीतरी माझं मन बदलेल म्हणून. "मी तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून नो वरीज म्हणायचे," ती म्हणाली. "मला वाटलं, मी तुझा मान राखतेय."

मान! सकाळी ज्या हाताने त्या माणसाचं नाव मी पेन्सिलने लिहिलं होतं, तोच हात कोचबाईपुढे करून मी म्हटलं, "मग आता घे. हो. यस. लिहून देते. कुठे सही करू?"

"यादी दुपारी दुबईच्या टीमला आणि पंचांना गेली. आता एकही नाव बदलता येत नाही," ती म्हणाली. "सॉरी, हेमा. खरंच." तिचे डोळे भरले होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला. इतके महिने मी जिच्याशी मनात भांडत होते, तिच्याशी आता भांडायची सोय उरली नव्हती.

मागे वळले तर कस्तुरी चेंडूंची जाळीची पिशवी खांद्यावर घेऊन उभी. सगळं ऐकलं होतं तिने. पण ती कोचकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"थर्ड मॅचनंतर कोचने सांगितलं, तुझी इच्छा नाही म्हणून. युअर मम इज नॉट कीन, डोंट बी हार्ड ऑन हर."

"आणि तू मला विचारलं नाहीस?"

"काय विचारणार, आई? घरी तू म्हणायचीस, कोच आंधळी आहे. आणि तिकडे जाऊन तिला नो म्हणायचीस. आय थॉट, तुला भीती वाटते आणि तू माझ्यासमोर अ‍ॅक्टिंग करतेस." तिचा आवाज फाटला. "सिक्स मॅचेस मी तुला खोटारडी समजत होते."

"अगं पण मी इंशाल्ला का म्हणते ते तुला तरी कळायला नको?"

"कसं कळणार? पूर्णिमा मावशीने पूजेला बोलावलं तेव्हा तू इंशाल्ला म्हणालीस. आपण गेलो? मी मांजर पाळू का विचारलं, इंशाल्ला. ड्रायव्हिंग शिकू का, इंशाल्ला. मग खरा कुठला आणि खोटा कुठला, हे मला कोण सांगणार?"

नाट लागू नये म्हणून मी जपत राहिले, आणि नाट लावणारी मीच निघाले. कोचबाईला दोष द्यावा तर तिने मी म्हटलं तेच ऐकलं होतं. आता पोरगी पुण्याला जाईल, तिथे शिकेल, पुढे कुठेतरी नोकरी करेल. आणि हे नऊ शुक्रवार माझ्या नावावर राहतील. कितीही सॉरी म्हटलं तरी त्यातला एकही परत येणार नाही. मी सॉरी म्हटलं. तिने मान हलवली, पण ती सॉरीसाठी नव्हती, मी रडू नये म्हणून होती.

मैदानावरचे दिवे एकेक करून बंद झाले. कोचबाईची गाडी आमच्या बाजूने हळू गेली, तिने हात केला, मी केला नाही.

"उद्या चार वाजता मॅच आहे," कस्तुरी काचेतून बाहेर बघत म्हणाली. "मी पाण्यावर आहे. तू येणार?"

"हो," मी म्हटलं.

ती वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. त्या 'हो'च्या पुढे अजून एखादा शब्द येतोय का, याची ती वाट बघत होती.