हर्षालीची जागा

राजगुरुनगरला एसटीतली खिडकीजवळची दोन माणसं उतरली, तशी कुशाबाईनं शेजारच्या पाव्हण्याला कोपरानं बाजूला सारून दोन्ही जागा धरल्या. एकीवर स्वतः बसली, दुसरीवर पिशवी आदळली.

"ये हर्षाली, बस खिडकीपाशी."

सात वर्षांची नात दांडा धरून उभीच राहिली.

"नगं आजी. सीट खराब व्हईल."

"आता कशानं व्हईल? डॉक्टर काय म्हणलं सकाळी?"

"बरी झाली म्हणलं."

"मंग?"

पोरीनं दांडा सोडला नाही. मागं उभ्या असलेल्या तिच्या आईनं, आरतीनं, सासूकडे पाहिलं आणि नजर बाहेर वळवली.

लघवी वाहून आणणारी हर्षालीची एक नळी जन्मापासूनच मूत्राशयाला न जुळता भलतीकडे उघडत होती. त्यामुळे दिवसरात्र थेंबथेंब गळत राहायचं. मागच्या महिन्यात पुण्याला ऑपरेशन करून डॉक्टरांनी ती जागेवर बसवली, आणि आजच्या तपासणीत सगळं ठाकठीक निघालं. डॉक्टर खोटं सांगणार नाहीत, याची कुशाबाईला पक्की खात्री होती. पण पोरीला वळण नाही, याचीही तिला इतकी वर्षं तेवढीच खात्री होती. गावात, डिंगोऱ्यात, ती हे दारोदार सांगत आली होती. कुणाच्या गादीवर, सतरंजीवर टेकायचं नाही, असा दमही तिनंच भरलेला. आरतीनं हट्टानं डॉक्टर गाठला नसता, तर कुशाबाई अजूनही तो दम भरत राहिली असती.

कुशाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हातपाय गाळून बसणारी बाई ती नव्हे. पिशवी पायाशी टाकून तिनं आरतीला शेजारी बसवलं आणि पोरीला दंडाला धरून सरळ मांडीवर ओढलं. डॉक्टरांकडे जायचं म्हणून ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती.

"आजी, नवं लुगडं..."

"असू दे."

मंचर गेलं तरी हर्षाली अंग चोरूनच बसली होती. मग वाऱ्यानं तिला डुलकी लागली आणि सगळा भार आजीवर आला. नारायणगावच्या स्टँडवर गाडीनं गचका दिला, तशी ती दचकून उठली. डोळे चोळायच्या आधी तिनं हात खाली घालून लुगडं चाचपलं.

"आजी, कोरडं हाये."

"म्या कुठं बघितलंय," कुशाबाई म्हणाली. "वल्लं असतं तरी उठीवलं नसतं तुला."